पाखऱ्याच्या वशिंडावरचा हात

"ताई, माज्या बैलाला बनियन कशापायी घातलंय?"

सोपान फडतऱ्यांनी माझ्या संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं. बोटाला पेंडीचा वास होता आणि बोटाखाली त्यांचा बैल उभा होता. बैलाच्या भोवतीनं मी करंगळीएवढी पांढरी कड सोडली होती. आमच्या धंद्यात सगळेच सोडतात.

"बनियन नाही हो दादा, कड आहे ती. कंटूर म्हणतात."

"कायबी म्हणा. काजळी खिलार हाय त्यो. अंगाभवती पांढरं दिसलं तर मैदानातली माणसं म्हणतील, सोपाननं बैलाला थंडी वाजती म्हणून अंगात घालून आणलं."

मागे स्टुलावर बसून नंबरप्लेट पुसणारा नंदूमामा हसला. "बाह्यांचं आहे का बिनबाह्यांचं, बघ गं निलू."

"मामा, तुम्ही गप बसा. सोपानदादा, कड ठेवावीच लागते. कापताना पातं केसभर इकडंतिकडं सरकलं, तर ती कड सांभाळून घेते. कड नसली तर पातं थेट शिंगात घुसेल."

"घुसू द्या. माज्या बैलाच्या शिंगात घुसंल आसं पातं आजून जन्माला आलं न्हाय."

वडूजच्या स्टँडमागं मामाचं रेडियमचं दुकान होतं. नंबरप्लेटी, टेम्पोच्या काचेवरची नावं, दुचाकीच्या टाकीवरचे वाघ, असलं सगळं. चिकटवायचं काम मामाचं, कापायचं माझं. म्हणजे कापायचं मशीनच. पण मशीनला पातं असतं, डोळे नसतात. पातं कुठून न्यायचं ती रेघ आधी संगणकावर आखून द्यावी लागते. चित्राच्या कडेकडेनं ठिपके टाकत जायचं, ठिपक्याला ठिपका जोडायचा, वळण आलं की ठिपका अलगद ओढून रेघेला बाक द्यायचा. रेघेच्या आतलं ते राहतं. रेघेबाहेरचं ते सोलून टोपलीत जातं. एवढंच शास्त्र. पण ते मला फार आवडायचं. उजवा हात गोलगोल फिरत राहायचा, जात्यावर बसलेल्या बाईसारखा, आणि मग तोंडात आपोआप ओवी यायची. माझी आत्या दळताना म्हणायची तसल्या चालीची. शब्द माझे, मोडके.

त्या हंगामात बैलगाडी शर्यतींवरची बंदी उठली होती. इतकी वर्षं दावणीला बसून राहिलेले बैल पुन्हा मैदानात निघाले आणि आमच्या दुकानासमोर पिकअप गाड्यांची रांग लागली. ज्याला त्याला आपला बैल गाडीच्या अंगावर चिकटवून हवा. त्या महिन्यात मी माणसांपेक्षा बैलांचीच तोंडं जास्त पाहिली, आणि खरं सांगते, कंटाळले नाही.

सोपान फडतरे कातळवाडीचे. चाळिशीचा काटक माणूस, टोपी जरा तिरकी, बोलणं त्याहून तिरकं. त्यांनी आणलेला फोटो मात्र सरळ होता. चिंचेच्या गर्द सावलीत पाखऱ्या आडवा उभा. मान उंच, कान टवकारलेले, चारी पाय जमिनीत रोवल्यागत. बैलाच्या पलीकडच्या अंगाला एक माणूस उभा होता, दाट मिशांचा, पटका बांधलेला. त्याचं डोकं आणि खांदे बैलाच्या पाठीवरून दिसत होते. त्यानं एक हात वशिंडावरून अलीकडं टाकला होता, मित्राच्या खांद्यावर टाकतात तसा.

"हे कोण?" मी विचारलं.

"कोन न्हाय."

"कोणीतरी आहे ना. पटका बांधलाय."

"पटका बांधला म्हंजी मानूस हुतुय का? त्येला काढा."

मामानं नंबरप्लेट खाली ठेवली आणि उगाच घसा खाकरला. मला खूण कळली. मी पुढं विचारलं नाही.

सोपानदादांनी पांढरी कड काढून टाकायला लावली. रेघ अगदी अंगाला घासून गेली पाहिजे, एक केस इकडं नको, एक केस तिकडं नको. संगणकाला आपली आपण रेघ काढता येते, पण सावलीतला काजळी बैल आणि काळपट सावली यांतला फरक त्याला कळेना. तो बैलाच्या पोटाला चिंचेचं खोड जोडून मोकळा झाला. म्हणून मी हातानंच घेतली. ठिपका, ठिपका, बाक.

"पहिली माझी रेघ गं शिंगाच्या शेंड्याला,
लागू नको पात्या बाई रेशमाच्या गोंड्याला.
दुसरी माझी रेघ गं मानेच्या पोळीला,
वळण घेते जशी नदी माहेराच्या आळीला."

"ताई," सोपानदादा दबकून म्हणाले, "बैलाला अंगाई म्हणताय व्हय?"

"तुम्ही मध्ये बोलू नका. ठिपका चुकतो."

ते खरंच गप्प बसले. गळ्याखालची लोंबती पोळी झाली, पुढं पाय आले, खूर आले, शेपटीचा झुपका आला. मग रेघ पाठीवरून पुढं सरकत वशिंडाशी आली. पटकेवाला माणूस पाठीच्या रेघेबाहेर पडला आणि पडद्यावरून नाहीसा झाला. डोकं गेलं, खांदे गेले, मिशा गेल्या.

हात राहिला.

वशिंडावर एकटाच हात, मनगटापासून पुढचा. जणू आकाशातून कुणी बैलाला थोपटत होतं.

"ह्यो बी काढा," सोपानदादा म्हणाले.

"हा कसा काढू? हा बैलाच्या अंगावर आहे. याच्याखालचं वशिंड फोटोत नाहीच."

"मग तुमी काढा की वशिंड. चित्रं काढता न्हवं?"

"उद्या दुपारी या. बघते जमतंय का."

ते गेल्यावर मामानं स्टूल माझ्याजवळ ओढलं. त्याला सांगायची इतकी घाई झाली होती, की चहाही त्यानं कपातच विसरला.

"तो पटकेवाला म्हणजे याचा सख्खा भाऊ. थोरला निवृत्ती, धाकटा सोपान."

"आणि मधला ज्ञानदेव?"

"तो झालाच नाही. त्यांची आई म्हणायची, तो एकदाच होतो, मी उगाच वाट बघत नाही बसले." मामा स्वतःच हसला आणि मग गंभीर झाला. "पाखऱ्या आणि वजीर. काय जोडी होती, निलू! दोन्ही याच घरातले. बंदीच्या आधी हे दोघं भाऊ मैदानात उतरले, की बाकीचे आपापल्या छकड्यांची चाकं तपासत बसायचे. मग बंदी आली. बैल नुसते बसून खायला लागले. एक दिवस निवृत्तीनं पाखऱ्याला औताला जुपलं."

"मग? बैलच आहे ना?"

"असं सोपानसमोर म्हणू नको. शर्यतीचा बैल औताला! त्याला वाटलं, बोहल्यावरच्या नवरदेवाला कुणी पाणी भरायला लावलं. तिथंच बांधावर भांडण जुंपलं. वाटणी झाली. रान वाटलं, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, शेवटी जोडीपण वाटली. पाखऱ्या धाकट्याकडं, वजीर थोरल्याकडं."

"बैलांना विचारलं का कुणी?"

"बैलांना कोण विचारतंय? बायकांनाही नव्हतं विचारलं." मामानं गार झालेला चहा एका घोटात संपवला. "आता रविवारी मैदान आहे. सोपाननं पैऱ्याला दुसऱ्या गावचा बैल ठरवलाय, पाखऱ्याशेजारी जुपायला. थोरल्याला दाखवून द्यायचंय, की तुझ्यावाचून माझं काही अडत नाही. आणि गाडीवर पाखऱ्याचं चित्र लावून जायचंय. त्या चित्रावरच थोरल्याचा हात असला, तर काय राहिलं?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी वशिंड रंगवलं. पाठीवरचा थोडा भाग उचलायचा, हातावर ठेवायचा, कडा पुसायच्या. माझ्या मते बरं जमलं होतं. सोपानदादा आले, पडद्यासमोर वाकले, टोपी काढून डोकं खाजवलं.

"ह्येला काय चावलं?"

"कुठं?"

"ह्ये बघा की. सूज आलीया."

"सूज नाही, वशिंड आहे."

"ताई, माज्या बैलाचं वशिंड मला ठावं हाय. ह्यो उंट हाय. उंट घिऊन मी मैदानात गेलो तर लोकं माझ्यावर बसून जातील."

मामा पाठमोरा झाला, पण त्याचे खांदे हलत होते.

मी नाद सोडला. "मग नवीन फोटो आणा ना. तुमच्या हातात मोबाईल आहे, गोठ्यात बैल आहे. हात नसलेला फोटो काढा, संध्याकाळपर्यंत रेघ मारून देते. छापायला साताऱ्याला पाठवायचंय, उशीर नको."

त्यांनी मोबाईल पुढं केला. "काढल्यात की. बगा."

मी एकेक फोटो सरकवत गेले. पहिल्यात शेपूट होती, नुसती शेपूट, केरसुणी फेकून मारल्यासारखी. दुसऱ्यात एक कान आणि बरंचसं आभाळ. पुढच्यात सोपानदादांच्या स्वतःच्या पायाचा अंगठा आणि त्यावर बैलाचा खूर.

"अगं बाई! लागलं का?"

"न्हाय. म्हंजी, व्हय. पर ते सोडा."

त्यापुढच्यात पाखऱ्याचं सगळं ढुंगण आलं होतं. एकदम स्पष्ट, एकदम स्थिर.

"हाच लावायचा का?" मामानं डोकावून विचारलं. "मागच्या गाडीवाल्यांना बरा दिसेल."

"नंदूशेठ, चेष्टा नगा करू."

"उभा का राहत नाही तो?" मी विचारलं.

"ऱ्हातुय की."

"मग हे काय?"

"फोटूला न्हाय ऱ्हात. मानंला जरा हात लावला की नाचतुय."

"पण या जुन्या फोटोत तर देवळातल्या नंदीसारखा उभा आहे. तेव्हा फोटो काढणारा कुणी चांगला होता वाटतं?"

सोपानदादांनी टोपी डोक्यावर ठेवली. सरळ केली. परत तिरकी केली.

"मीच काडला हुता," ते म्हणाले.

स्टँडवर कंडक्टर पुसेसावळी, पुसेसावळी ओरडत होता.

"आसं करा," शेवटी ते खेकसले. "रंगवायचं बिंगवायचं काय नगं. खोटं वशिंड नगं मला. फोटू हाय तसा छापा आन हात तेवढा कापा. रेघ वशिंडावनं आत घ्या, हाताच्या कडंकडंनं फिरवा, आन परत पाठीवर आना. कापून टाका त्येला."

"तिथं खाच पडेल दादा. हाताच्या आकाराची."

"पडू द्या की. हात न्हाय ना ऱ्हात? झालं तर मग."

गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. मी जुना फोटो परत उघडला आणि वशिंडाच्या चढावर पहिला ठिपका टाकला. ते शेजारी उभे राहून बघत होते. लाल बारीक रेघ वशिंडावरून खाली उतरली, मनगटाच्या कडेनं गेली, अंगठ्याला वळसा घातला, अंगठ्याच्या आणि बोटाच्या बेचक्यात शिरली. हात मोठा होता, राबलेला, सांधे जाडजूड. तर्जनीपाशी मी अडखळले. सावलीमुळं असेल किंवा फोटो हलला असेल, ते बोट मध्येच संपल्यासारखं दिसत होतं. असलं रोजच होतं. अर्धवट दिसणारी शेपटी, पुसटलेलं शिंग, आम्ही अंदाजानं पुरं करतो. मी ठिपका पुढं ओढला, शेजारच्या बोटाच्या मापानं तर्जनी नीट लांब केली, शेंड्याला छान गोलाई दिली आणि पुढं निघाले. करंगळीशी रेघ वळली, परत वर आली, पाठीला भिडली.

"झालं. उद्या छापून आलं की कापते."

सोपानदादा पडद्याकडं बघतच होते.

"ह्ये बोट वाढलंय," ते म्हणाले.

"कुठलं?"

"ह्ये. अंगठ्याशेजारचं."

"ते फोटोत अर्धं दिसत होतं. मी पुरं केलं."

"पुरं कशाला केलं?"

"म्हणजे?"

"ते अर्धंच हाय."

मी त्यांच्याकडं वळून पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांचं बोट पडद्यावर होतं, त्या दुसऱ्या बोटाच्या अगदी जवळ, पण टेकलेलं नव्हतं.

"कडबाकुट्टीत गेलं त्येचं," ते म्हणाले. "त्यो पेंढी सारत हुता. मी चाक फिरवत हुतो. धा वर्साचा आसंन मी. शाळंत कुनीतरी शिकवलं हुतं त्ये गानं म्हनत हुतो आन बगतच नव्हतो तिकडं."

मामानं हातातलं फडकं घडी करून मांडीवर ठेवलं.

"आई आली तर त्यो म्हनला, माजाच हात घसरला. चाक थांबलं हुतं म्हनला." सोपानदादांनी नाक ओढलं. "खोटारडा लेकाचा."

मी माउस हातात घेतला. तर्जनीच्या शेंड्यावरचा ठिपका पकडला आणि हळूहळू मागं ओढायला लागले.

"आजून," ते म्हणाले.

मी अजून ओढला.

"आजून थोडं. दुसऱ्या पेराच्या जरा म्होरं. हां. न्हाय, येवडं बी न्हाय, लई खाल्लं तुमी. जरा सोडा. हां. शेंडा गोल नगं, तिरका हाय. अंगठ्याकडं उतरता. आसा. आसाच."

रेघ तिथं थांबली. लाल, बारीक, थोटकी.

मामानं अगदी साधेपणानं विचारलं, "म्हणजे सोपानराव, हात ठेवायचा का काढायचा?"

"काढायचाच! पर काढायचा तर त्येचाच काढायचा. दुसऱ्या कुनाचा कशाला?"

आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून ते निघून गेले. मामा म्हणाला, "निलू, मी इतकी वर्षं हा धंदा करतोय, पण काढून टाकायच्या वस्तूचं माप घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं."

शनिवारी सकाळच्या एसटीनं साताऱ्याहून छापील गुंडाळी आली. मी ती मशीनवर चढवली. पातं खाली आलं आणि सरसर निघालं. शिंग, कान, पोळी, पाय. अशा वेळी मी कधीच मशीनजवळ उभी राहत नाही, पण त्या दिवशी राहिले. पातं वशिंडावर आलं, खाचेत उतरलं, अंगठा झाला आणि त्या थोटक्या बोटाशी येऊन त्यानं तिरका, एवढासा वळसा घेतला. मशीनला काय, त्याला सगळी वळणं सारखी. मलाच जरा चरचरलं.

सोपानदादांची पिकअप दुकानासमोर उभी होती. पांढरीशुभ्र, कालच धुतलेली. मामानं पत्र्यावर साबणाचं पाणी मारलं, चित्र टेकवलं, प्लास्टिकच्या पट्टीनं मधून कडेला पाणी काढत नेलं. स्टँडवरची चार माणसं चहा हातात घेऊन बघायला आली. मग त्यानं वरची चिकटपट्टी सोलायला घेतली. आधी शेपटी उघडी झाली, मग पाठ.

मग वशिंड.

पांढऱ्या पत्र्यावर काजळी बैल, आणि त्या काजळी वशिंडावर लख्ख पांढरा हात. बेंदराच्या सणाला बैलाच्या अंगावर हाताचे ठसे उठवतात, तसा. फोटोतला खरा हात सावलीत होता, कातडीच्या रंगाचा, बैलाच्या रंगात मिसळलेला. नीट पाहिलं तरच कळायचा. हा रस्त्याच्या पलीकडून दिसत होता. साडेचार बोटांचा.

"आयला!" चहावाल्यांतला एक ओरडला. "निवृत्तीआबाचा हात!"

"कुठाय?"

"आरं ह्यो काय. बोट बघ की."

"सोपाननं थोरल्याचा हात लावून घेतला गाडीवर! मिटलं वाटतं ह्यांचं."

सोपानदादांचा चेहरा टोपीसकट तिरका झाला. "नंदूशेठ! ह्यो काढायला सांगितला हुता!"

"काढलाय की. हा बघा, नाहीच आहे तिथं. गाडीचा पत्रा आहे."

"पर दिसतुय! पैल्यापरास जास्त दिसतुय! आता तर आख्ख्या तालुक्याला दिसंल!"

"मी म्हटलं होतं, खाच पडेल म्हणून," मी हळूच म्हणाले.

"खाच म्हनला हुता ताई. हात न्हवता म्हनला."

मामानं पट्टी पुढं केली. "अजून ओलं आहे. म्हणत असाल तर सोलून काढतो. पण मग गाडी मोकळीच न्यावी लागेल उद्या."

सोपानदादा गाडीभोवती एक फेरी मारून आले. दुसरी मारली. चहावाले आपसांत कुजबुजत होते, त्यांच्याकडं बघून त्यांनी एक सणसणीत शिवी दिली. मग खांद्यावरचा टॉवेल काढला आणि चित्रावरचं पाणी टिपायला लागले. शिंगांवरचं टिपलं, पोटावरचं टिपलं. वशिंडावर आले तेव्हा टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळून त्यांनी त्या पांढऱ्या हाताच्या बोटाबोटांमधलं पाणी टिपलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "ओलं हाय म्हणून दिसतंय. वाळलं की दिसायचं न्हाय."

गाडी गेली. मामा म्हणाला, "वाळल्यावर पांढरा रंग जातो, हे मला आज कळलं."

रविवारी मामा मला मैदानाला घेऊन गेला. बायका फारशा नव्हत्या. पण आपण आखलेला बैल पळताना बघावा, एवढी माझी हौस होतीच. मोकळा माळ, दोन्ही कडांना माणसांच्या भिंती, मध्ये चाकोऱ्या आखलेल्या. भोंगा बैलांची नावं अशी पुकारत होता, जणू वऱ्हाडातले मानकरी. जिथून गाड्या सुटतात त्या सुटीच्या रेघेपासून जवळच सोपानदादांची पिकअप उभी होती आणि तिच्या अंगावर पाखऱ्या कसा, वाऱ्यालाही न हलणारा. कोरडा ठणठणीत. हात अजून पांढराच.

खरा पाखऱ्या मात्र रेघेवर थयथय नाचत होता.

त्याला छकड्याला जुपायला तिघं लागले होते. पैऱ्याचा बैल बिचारा गरीब, पांढरा, पाहुण्यासारखा खाली मान घालून उभा. पाखऱ्यानं जू मानेवर घेतलं, झटकलं, परत घेतलं, मागं सरला, पाहुण्याला ढकललं. सोपानदादा कासऱ्याला लोंबकळत होते. टोपी केव्हाच पडली होती.

"ए सोपान, लाव गाडी!" झेंडा धरलेले पंच ओरडले. "बाकीच्या गाड्या लागल्यात!"

"लावतुय, लावतुय! हो रं पाखऱ्या, हो रं राजा, उभा ऱ्हा माज्या बापा!"

बापानं ऐकलं नाही. गर्दीत हशा पिकला. माझ्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा मात्र हसला नाही. "त्यो न्हाय उभा ऱ्हायचा," तो कुणालाच उद्देशून नाही असा म्हणाला. "वासरू हुता तवापासनं निवृत्तीचा हात पडल्याबिगर त्यो सुटीच्या रेघंवर उभा ऱ्हायलाय कधी? सोपाननं कासरा धरायचा, त्येनं वशिंडावर हात टाकायचा. हीच रीत हुती."

माझ्या डोळ्यांपुढून ते सगळे फोटो सरकले. शेपूट, आभाळ, चेंगरलेला अंगठा, ढुंगण. आणि तो एकच सरळ उभा फोटो.

"मामा," मी म्हटलं, "म्हणून तो हात तिथं होता."

मामा माझ्याकडं बघत नव्हता. त्यानं माझा दंड धरून मला पिकअपकडं वळवलं.

गर्दीतून एक पटकेवाला माणूस पिकअपपाशी आला होता. फोटोतल्यापेक्षा मिशा पिकलेल्या. दूर बाभळीला बांधलेल्या एका पांढऱ्या उमद्या बैलापासून, बहुतेक वजीरपासूनच, तो आला असावा. हातात अजून चाऱ्याची पेंढी होती. तो गाडीवरच्या बैलाकडं बघत उभा राहिला. शिंगांपासून खुरांपर्यंत पाहिलं. मग वशिंडाशी थांबला. पेंढी काखेत मारली आणि उजवा हात डोळ्यांपुढं धरून उलटसुलट पाहिला, बाजारात वस्तू पाहतात तसा. लोक जरा मागं सरले.

मग त्यानं तो हात चित्रावर टेकवला. खाच लहान होती, चित्र बैलापेक्षा लहान होतं ना. त्याच्या तळव्याखाली ती सगळीच्या सगळी झाकली गेली. पांढरं काही उरलंच नाही. गाडीवर नुसता एक अख्खा बैल राहिला आणि त्याच्या वशिंडावर एक माणसाचा हात.

सोपानदादांनी ते पाहिलं. कासऱ्याला लोंबकळता लोंबकळताच पाहिलं. पाखऱ्यानं एक हिसडा दिला, ते दोन पावलं फरफटत गेले, परत उभे राहिले. घामानं डोळे चुरचुरत असावेत, बाहीनं पुसले. मग अख्ख्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात खेकसले:

"बैल हिकडं हाय!"

निवृत्तीआबांनी मान वळवली. हात उचलला नाही.

"दिसतंय," ते म्हणाले. "पर हितला बरा हाय. उभा तरी ऱ्हातुय."

गर्दीला हसावं का नाही ते कळेना. सोपानदादांनाही कळलं नसावं, कारण त्यांचं तोंड आधी रागानं उघडलं आणि मग तसंच राहिलं.

निवृत्तीआबा आले, रमतगमत, जसं रानातून घरी येतात. पाखऱ्याच्या पलीकडच्या अंगाला गेले आणि वशिंडावरून हात टाकला. साडेचार बोटं काजळी कातडीवर पसरली. पाखऱ्यानं लांब, फुसकारत श्वास सोडला, कान पुढं केले आणि चारी पाय जमिनीत रोवले.

"चला, लागली गाडी!" पंचांनी झेंडा उचलला. "सगळे मागं व्हा!"

"थांबा!" सोपानदादा ओरडले. "पंच, जरा थांबा! पैरा बदलायचाय!"

"आता? गाडी लागल्यावर? बैल कुठनं आणणार तू?"

सोपानदादा पैऱ्याच्या पाहुण्या बैलाच्या मानेवरचं जू सोडवायला लागलेसुद्धा होते. बाभळीकडं त्यांनी मान वळवून पाहिलं नाही. बैलाच्या पलीकडं उभ्या असलेल्या भावाकडंही पाहिलं नाही.

"आणायचा कशाला?" ते म्हणाले. "घरचाच हाय."